द्रौपदी हसली कधी?

गेल्या आठवड्यात अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. पंगत बसली होती. वाढणाऱ्या पोराच्या हातून आमटीचं भांडं कलंडलं, नवरदेवाच्या मामाचं धोतर भिजलं आणि समोर बसलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी खुदकन हसली. तिच्या शेजारची चार पोरंही हसली, तिच्यापेक्षा मोठ्यानं. बोलणी मात्र मुलीला बसली. एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "बाईच्या जातीनं असं हसू नये गं. द्रौपदी हसली आणि महाभारत घडलं." मुलीनं मान खाली घातली. पोरांना कोणी शब्दानं बोललं नाही.

मी तिथे गप्प बसले. आज बोलते.

द्रौपदी हसली कधी? कुठल्या पर्वात? कोणी पाहिलं?

त्याच संध्याकाळी पार्क चौकात चहा घेताना शेजारी कॉलेजची दोन पोरं वाद घालत होती. विषय जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांतल्या राज्यांचा. जॉन स्नो नक्की कोणाचा मुलगा? त्यांवरच्या टीव्ही मालिकेनं सांगून टाकलं, पण पुस्तकात लेखकानं अजून तोंड उघडलेलं नाही. पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं, आणि तेव्हापासून वाचक सहाव्याच्या वाटेवर डोळे लावून बसलेत. एक पोरगा तावातावानं काही सांगत होता. दुसऱ्यानं त्याला मध्येच तोडलं, "ते सगळं ठीक आहे बे, पान दाखव."

पान दाखव! मला तो शब्द फार आवडला. पंगतीत मला तोच बोलायला हवा होता.

ही पोरं वेळ वाया घालवतात असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्यांचा खेळ खरा आहे आणि त्याला नियम आहेत. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या मालिकेत १९९३ च्या पुस्तकात अस्मोडियन नावाचं पात्र मारलं जातं. दार उघडतं, तो कोणाला तरी ओळखतो आणि मरतो. मारेकऱ्याचं नाव नाही. जगभरचे वाचक या एका प्रसंगावर सतरा वर्षं भांडले. तेव्हा कोण कुठे होतं, कोणाला तिथे पोचता आलं असतं, कोणाला पाहून तो तसा दचकला असता, एकेक शब्द तपासला. जॉर्डन २००७ मध्ये गेले. उत्तर आलं ते २०१० च्या पुस्तकात, मागे जोडलेल्या शब्दसूचीत, एका ओळीत. मारेकरी ग्रेंडाल. ज्यांचा तर्क चुकला त्यांनी तो मागे घेतला. कारण ओळ समोर होती.

आपल्याकडे व्यासांनी मागे शब्दसूची जोडलेली नाही. म्हणून आपली भांडणं जुनी आहेत आणि फार सुंदरही आहेत. त्यातलं एक तर थेट जॉन स्नोच्या जातीचं आहे. युधिष्ठिराचा बाप कोण?

इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न मांडला. पुस्तक १९६७ चं, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. बाईंचा तर्क असा की युधिष्ठिर विदुराचा मुलगा असावा. कशावरून? युधिष्ठिर धर्माचा मुलगा, आणि विदुर हा शापामुळे दासीच्या पोटी जन्मलेला धर्मच. नियोगासाठी दीर बोलावण्याची रीत होती, आणि विदुर कुंतीचा दीर. पुढे आश्रमवासिक पर्वात युधिष्ठिर रानात विदुराला शोधत जातो. विदुर हाडांचा सापळा झालेला, झाडाला टेकून उभा. तो युधिष्ठिराच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहतो, आणि त्याचे प्राण युधिष्ठिराच्या देहात शिरतात. बापानं मुलाच्या हाती सगळं सोपवावं तसं. यावर हरकत उघड आहे. ज्या ग्रंथानं कर्णाचा जन्म लपवला नाही, खुद्द व्यासांचा लपवला नाही, त्यानं हाच एक का लपवावा? तर्क मान्य होवो न होवो, बाईंनी पान दाखवलं. तुम्ही ते उघडून त्यांच्याशी भांडू शकता. माझ्या लेखी तर्काची किंमत एवढ्यावरच ठरते.

आता द्रौपदीच्या हसण्याचं पान काढूया.

राजसूय यज्ञ आटोपला आहे. पाहुणे राजे आपापल्या गावी गेले आहेत. कृष्ण द्वारकेला परत गेला आहे, हे सभापर्व स्पष्ट सांगतं. मागे राहिलेत दुर्योधन आणि शकुनी. दोघं मयसभा बघत हिंडतात. स्फटिकाची फरशी दुर्योधनाला पाणी वाटते, तो कपडे आवरून धरतो. पुढे खरंच पाणी येतं, ते त्याला फरशी वाटतं, आणि तो कपड्यांसकट आत पडतो. नोकर हसतात. राजाच्या हुकमावरून त्याला कोरडे कपडे दिले जातात. आणि मग त्याची अवस्था पाहून भीम हसतो, अर्जुन हसतो, जुळे भाऊ हसतात. ते सगळे हसले, असं व्यासांचा निवेदक सांगतो.

द्रौपदीचं नाव नाही. ती त्या प्रसंगात आहे असंही कुठे म्हटलेलं नाही.

मग तिचं हसणं आलं कुठून? पुढे चला. हस्तिनापूरच्या वाटेवर दुर्योधन मामाजवळ मन मोकळं करतो. हा त्याचा पहिला जबाब. प्रसंग ताजा आहे, अंग अजून जळतंय. पांडवांचं वैभव, ती सभा आणि पहारेकऱ्यांचं हसणं, यांनी आपण आगीत पडल्यासारखे जळतोय असं तो म्हणतो. पहारेकऱ्यांचं हसणं, एवढंच. द्रौपदीचा उच्चार नाही.

नंतर तो बापासमोर उभा राहतो. हा दुसरा जबाब. आता द्यूताला परवानगी हवी आहे, म्हाताऱ्याचं मन फिरवायचं आहे. आणि आता हसणाऱ्यांची यादी बदलते. तो म्हणतो, कृष्ण अर्जुनासह मोठ्यानं हसला आणि द्रौपदी बायकांबरोबर हसली, माझ्या काळजाला घरं पाडली.

कृष्ण हसला? तो तर द्वारकेला गेला होता!

कोर्टाची पायरी कधी चढला असाल तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. फिर्यादीचा दुसरा जबाब पहिल्याशी जुळत नाही. दुसऱ्या जबाबात जो हजर दाखवलाय तो त्या दिवशी गावातच नव्हता. त्याच वाक्यात, त्याच श्वासात, द्रौपदीचं नाव आलंय. अशा साक्षीवर कोणी कोणाला दोषी धरेल का? आपण धरलं. हजारो वर्षं धरतोय. आणि ज्यांचं हसणं निवेदक स्वतः नावानिशी सांगतो, त्या भीम-अर्जुनांना या हसण्याबद्दल आजवर कोणी बोल लावलेला मी ऐकलेला नाही.

"ते सगळे हसले" यात द्रौपदी धरता येईल का? ओढूनताणून कोणी धरेल. सज्जातून बायका बघत असतील, हसल्याही असतील, असाही तर्क कोणी करेल. करावा. पण मग त्याला तर्कच म्हणावं. लग्नाच्या पंगतीत सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर तो निकाल म्हणून फेकू नये.

आणि ते प्रसिद्ध वाक्य, आंधळ्याचा मुलगा आंधळाच? दूरदर्शनवर १९८८ ते १९९० बी. आर. चोप्रांची मालिका चालली. रविवारी सकाळी सोलापूरचे रस्ते ओस पडायचे, टीव्ही असलेल्या घरात गल्ली मावायची. तिथे ते द्रौपदीच्या तोंडी होतं, आणि तेव्हापासून ते पुसता पुसत नाही. व्यासांच्या सभापर्वात द्रौपदी असं काहीही बोलत नाही. जवळचं म्हणावं असं एकच सापडतं, तेही दुर्योधनाच्या त्याच दुसऱ्या जबाबात. भीमानं मला धृतराष्ट्रपुत्र अशी हाक मारली, हसला आणि दार इकडे आहे म्हणाला, अशी त्याची तक्रार आहे. डिवचलं असेल तर भीमानं. बोलणं एका पुरुषाचं, खापर बाईच्या माथी. हे कुठेतरी ऐकल्यासारखं, घरात पाहिल्यासारखं वाटतंय ना?

दुसरा आरोप घ्या. स्वयंवरात द्रौपदीनं कर्णाला सूतपुत्र म्हणून झिडकारलं. ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आली आणि कर्णाचं दुःख मराठी घरांत आपल्या भावाच्या दुःखासारखं शिरलं. मीही दहावीच्या सुट्टीत ती वाचून रडले आहे, आणि त्या रडण्याची मला आजही किंमत आहे. पण झिडकारण्याचं पान? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळमपर्यंत, बंगाली, नेपाळी, तेलुगू, ग्रंथ, देवनागरी अशा लिप्यांतली १२५९ हस्तलिखितं त्यासाठी मिळवली. ओळीला ओळ लावून पाहिली. काम १९६६ मध्ये पुरं झालं, म्हणजे दोन पिढ्या त्यात खपल्या. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आदिपर्व संपादलं, आणि द्रौपदीचा तो नकार जुन्या, भरवशाच्या हस्तलिखितांचा आधार नाही म्हणून त्यांनी मूळ पाठात ठेवला नाही. तो तळटीपेत गेला. म्हणजे हसण्याचा आरोप फिर्यादीच्या फिरलेल्या जबाबावर उभा, आणि नकाराचा आरोप मागाहून कोणीतरी घातलेल्या ओळीवर.

एका बाईवरचे दोन मोठे आरोप. दोन्हींचे पाय मातीचे.

याचा अर्थ तळटीपेतलं सगळं कचरा, असा मात्र घेऊ नका. इथे मला भांडारकरांच्या विद्वानांशीही थोडं भांडायचं आहे. आणि ते सोलापूरकर म्हणून, कारण भांडण लुगड्याचं आहे. आपलं गाव कापडाचं. पूर्व भागात मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या पोरीला वस्त्रहरणाची गोष्ट ऐकताना पहिला प्रश्न हाच पडतो की एवढं कापड आलं कुठून? माझी आजी सांगायची, कृष्णाचं बोट कापलं तेव्हा सुभद्रा चिंधी शोधत बसली आणि द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून पट्टी बांधली, त्या चिंधीचं हे व्याज. १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या गाण्यानं ही गोष्ट घरोघर पोचवली. व्यासांत चिंधी नाही. सभापर्वाचे संपादक येल विद्यापीठातले फ्रँकलिन एजर्टन होते. त्यांनी तर द्रौपदीचा कृष्णाला केलेला धावाही मूळ पाठातून काढला. त्यांच्या पाठात वस्त्र ओढलं जातं आणि त्याच्याखालून तसंच दुसरं निघतं, पुन्हा निघतं, निघत राहतं. कोणी दिलं, याचं उत्तरच नाही.

पण त्याच चिकित्सक आवृत्तीच्या उद्योगपर्वात कृष्ण स्वतः बोलतो. मी दूर होतो तेव्हा द्रौपदीनं गोविंदा म्हणून मला हाक मारली होती, ते ऋण माझ्या मनात वाढतंय, फिटलेलं नाही, अशा अर्थाचं तो म्हणतो. हे वाक्य संपादकांनी राहू दिलं आहे. मग तिनं हाक मारली की नाही? सभापर्व गप्प आहे, उद्योगपर्व हो म्हणतं. माझा कौल उद्योगपर्वाला. ज्याच्यावर ऋण आहे तोच कबूल करतोय, आणि ते कबूल करून त्याला काही मिळवायचं नाही. दुर्योधनाला परवानगी मिळवायची होती. साक्षीदाराचा स्वार्थ बघावा लागतो.

आणि चिंधीची गोष्ट? ती ज्या कोणी रचली तिला ऋण हा शब्द बरोबर ऐकू आला होता. ऋण आहे, म्हणजे आधी काहीतरी दिलेलं असणार. काय दिलं? बाईकडे देण्यासारखं काय होतं? अंगावरचं वस्त्र. लोकांचा तर्कही कधीकधी असा ग्रंथाच्या नाडीवर बोट ठेवून चालतो.

विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ याच तोलाचं. झाडावरून तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं असेल तर प्रत्येकानं मनातलं खरं बोलायचं. द्रौपदी कबूल करते की पाच असूनही मनात सहावा आला, कर्ण. व्यासांत याचा मागमूस नाही. पण हा तर्क द्रौपदीला आरोपी करत नाही, तिला मन देतो. भर सभेत बाई खरं बोलते आणि फळ झाडाला लागतं. पंगतीतल्या त्या म्हणीशेजारी हे आख्यान ठेवून पाहा. दोन्ही व्यासांच्या बाहेरची. एकीनं पोरीची मान खाली जाते, दुसऱ्यानं वर होते.

आपल्या गावाची यात कमाई मोठी आहे, आणि ती सोलापूरकरांना सांगावी लागते याचं वाईट वाटतं. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं जीवराज जैन ग्रंथमालेत शुभचंद्रांचं ‘पांडवपुराण’ १९५४ मध्ये छापलं. सोळाव्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ, जिनदास पार्श्वनाथ फडकुले यांनी संपादलेला. त्यात कर्ण हा पांडूचाच मुलगा आहे, लग्नाआधी कुंतीला झालेला. आणि द्रौपदीचा नवरा एकटा अर्जुन. पाच नवऱ्यांची गोष्ट आली कुठून? माळ घालताना वारा सुटला, फुलं शेजारी बसलेल्या भावांच्या अंगावर उडाली आणि लोक म्हणाले, हिनं पाचही जण वरले! बाईबद्दलची आवई वाऱ्याच्या एका झुळकेवर उठते, हे त्या जैन पंडितानं ओळखलं होतं. कानडीत आदिकवी पंपानं तर दहाव्या शतकातच द्रौपदीला एकट्या अर्जुनाची बायको केलं होतं. ज्या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात बोलली जाते तिथे महाभारतही एकच कसं असेल?

आणि आपल्याच जिल्ह्यातला, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचा श्रीधर. ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. पंढरपुरात त्याची समाधी आहे. गावोगावच्या बायाबापड्यांना भारत कळलं ते पुष्कळ अंशी त्याच्या ओवीतून. आमच्या घरातल्या पोथीला हळदीकुंकवाचे डाग होते, आणि कोपरे आजीच्या बोटांनी मऊ झालेले. ती रोज वाचायची. ती पानावर बोट ठेवून वाचायची, हे मला आज फार मोलाचं वाटतं.

युद्ध कधी झालं यावर भांडणारे पुष्कळ आहेत. प. वि. वर्तकांनी इसवी सनापूर्वी ५५६१ हे वर्ष आणि १६ ऑक्टोबर ही तारीख काढली. विजापूरच्या पुढे ऐहोळेला ६३४ सालचा रविकीर्तीचा शिलालेख आहे, त्यात भारती युद्धाला ३७३५ वर्षं झाल्याचं कोरलंय. अश्वत्थामा नर्मदेकाठी तेल मागत फिरतो असंही लोक सांगतात. या तर्कांनी कोणाचं बिघडत नाही. चालू द्या. पण ज्या तर्कानं घरातल्या मुलीचं हसणं बंद होतं, त्याला पान मागायलाच हवं.

म्हणून एक काम सांगते. जवळच्या वाचनालयात जा किंवा घरातली जुनी पोथी काढा. मराठी असो, कानडी असो, तेलुगू असो. राजसूय यज्ञ संपल्यानंतरचा भाग उघडा. मयसभेत दुर्योधन पडतो तिथे कोण कोण हसतं त्यांची नावं एका कागदावर उतरवा. खाली ग्रंथाचं नाव आणि पान क्रमांक लिहा आणि मला पाठवा. जितक्या याद्या येतील तितक्या या सदरात छापू, म्हणजे व्यासांच्या यादीत नसलेलं नाव पुढे कोणत्या ग्रंथात आणि कोणाच्या हातून शिरलं ते एकमेकांसमोर ठेवून बघता येईल.

आणि पंगतीतल्या त्या मुलीपर्यंत हे पोचलं तर तिच्यासाठी व्यासांची यादी आत्ताच देते. नोकर, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव.